चॅटमधली लिंक

दुपारी घरात दर्शना एकटीच होती. फोन स्टँडला लावून ती गेम खेळत होती आणि ‘किन्हवलीची दर्शना’ या नावाने, कोपऱ्यात स्वतःच्या चेहऱ्यासकट, तेच लाइव्ह दाखवत होती. बघायला मात्र कुणीच नव्हतं, म्हणून तिने गेमच्या सगळ्यांच्या चॅटमध्ये लाइव्हची लिंक टाकली. मग पुन्हा टाकली.

“इथे जाहिरात नको. खेळायचं तर खेळ,” स्वरूप नावाच्या एका खेळाडूने सुनावलं.

थोड्याच वेळात लाइव्हवर एक बघणारा आला. तोच स्वरूप! भांडायलाच आला असणार, असं तिला वाटलं. त्याने लिहिलं, “ओरडू नको. मागे वळू नको.”

दर्शनाच्या अंगावर काटा आला. हा कोण कुठला, आणि असा का धमकावतोय?

“एकटी आहेस का? आतल्या खोलीत जा, कडी लाव. हळू चाल.”

लाइव्ह बंद करायला तिने हात पुढे केला. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे तिची नजर गेली. तिच्या पाठीमागे, उघड्या दाराच्या उंबऱ्यात, बिबट्या बसला होता.

ती आत कशी गेली, कडी कशी लावली, तिचं तिलाच कळलं नाही. तोंडावर ओढणी दाबून ती दाराला टेकून राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर डबे वाजले, आरडाओरडा झाला.

“दार उघड गो, गेला तो!” खालच्या आळीतला अमोल होता.

“तुला कुणी सांगितलं रे?”

“गेमच्या चॅटमधी कोन तरी स्वरूप सारखी तुझी लिंक टाकीत व्हता. किन्हवलीचं कोनी असलं तर धावा, म्हनत व्हता. कोनाला खरंच वाटत नवतं. शेवटी जाहिरात करतो म्हनून त्यालाच भायेर काढला.”