मागचं लॉक

इंद्रजितने पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी हातभर पुढे सरकली, मागचं उजवं चाक वाळूत गरगरलं आणि इंजिनाचा जोर आपोआप ओसरला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत राहिला.

मागच्या सीटवर आडवा पडलेला माणूस कण्हला. त्याचं डोकं कृतिकाच्या मांडीवर होतं. फरीदाबादमागच्या अरवलीत नवी गाडी फिरवायला म्हणून नवरा-बायको दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरहून सकाळीच निघाले होते. या कोरड्या नाल्यात तो त्यांना मोटरसायकलखाली अडकलेला सापडला. रक्त फारसं नव्हतं, पण पोट दगडासारखं कडक झालं होतं. फोनला रेंज नव्हती. समोरचा चढ चढला की डांबरी रस्ता. तिथून हॉस्पिटल वीस मिनिटं.

“साहब,” तो म्हणाला, “ट्रैक्शन वाला बटन बंद करो.”

“आप बोलिए मत, भैया. ताकत बचाइए.” इंद्रजितच्या आवाजात खरी काळजी होती.

त्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली. चाक आणखी खोल रुतलं.

“मैं डंपर चलाता हूँ, साहब. रेत में वो पावर काट देता है. उसको बंद करो, और पीछे का लॉक लगाओ. दोनों पहिये साथ घूमेंगे.”

“अरे, ऐकून तरी घे त्याचं,” कृतिका म्हणाली.

“डंपर वेगळा आणि ही गाडी वेगळी, यार. यात सगळं ऑटोमॅटिक आहे. तो अर्धवट शुद्धीत बोलतोय आणि तू मला शिकवतेस.”

तो खाली उतरला. पायपुसणी काढून चाकांखाली घातली, दगड लावले, पुन्हा येऊन बसला. पायपुसणी मागे उडाली. तो परत उतरला, हातांनी वाळू उकरू लागला. अर्धा तास यातच गेला. कृतिका घड्याळाकडे बघत नव्हती; त्या माणसाच्या ओठांकडे बघत होती. ते पांढरे पडत चालले होते. कपाळावरचा घाम गार लागत होता.

इंद्रजित आत आला तेव्हा त्या माणसाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. एकच शब्द आला. “लॉक.”

“लाव!” कृतिका ओरडली. “लाव म्हणते ना ते!”

गाडी घेतल्यापासून सहा महिन्यांत इंद्रजितने त्या बटणाला हात लावला नव्हता. ते शोधायलाच त्याला वेळ लागला. आधी एक बंद केलं, मग दुसरं दाबलं. खाली कुठेतरी खट्ट झालं. त्याने हलकेच पाय टेकला आणि मागची दोन्ही चाकं एकदम फिरली. गाडी वाळूतून वर आली आणि दगडांवर पकड घेत, न घसरता, चढू लागली. चढाला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“हाँ,” तो माणूस डोळे मिटून पुटपुटला. “ऐसे.”

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर लगेचच बाहेर आले. पोटात रक्त भरलं होतं, म्हणाले. “पंद्रह-बीस मिनट पहले भी ले आते तो...” एवढं बोलून ते थांबले, मान हलवली आणि आत गेले.

बाकावर शेजारी बसून हवालदार कागद भरत होता. मृताच्या खिशातल्या लायसन्सवरून त्याने नाव उतरवून घेतलं होतं. सतबीर, वय बेचाळीस.

“रास्ते में कुछ बोला था?”

“नहीं,” इंद्रजित म्हणाला. “बेहोश ही था.”

हवालदाराने पेन टेकवलं.

कृतिका नवऱ्याशी नेहमी मराठीतच बोलायची, चारचौघांतसुद्धा. आता ती हवालदाराकडे वळली.

“बोला था,” ती म्हणाली. “तीन बार.”