गाडीची पाठवणी

पुढची चाकं फळीवर चढली आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी ट्रकवर सुखरूप उभी होती आणि ड्रायव्हर तिच्या चाकांना पट्टे आवळत होता. अण्णांनी वर चढून सगळे पट्टे स्वतः ओढून पाहिले. मग ड्रायव्हरला पुन्हा ओढायला लावले.

अण्णांनी सगळी नोकरी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात काढली होती. त्यांच्या नजरेआड एक खिळा कधी बाहेर गेला नाही. निवृत्त झाल्यावर आणि बायको गेल्यावर सांभाळायला उरली ती ही गाडी. रोज सकाळी ती चालू करायची, गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची, परत आणून पुसायची. त्यापलीकडचं जग गाडीने पाहिलं नव्हतं. अलीकडे अण्णांनीही नाही.

मुलगी फार लांब राहायची. दर सुट्टीला फोन करून म्हणायची, इकडे या, राहायलाच या. अण्णांचं उत्तर ठरलेलं. मी आलो तर गाडी कोण बघणार? बॅटरी उतरेल, उंदीर वायरी कुरतडतील. मुलगी रडून झाली, रुसून झाली, जावई मध्यस्थी करून थकला. अण्णा काही जागचे हलले नाहीत.

मग एकदा तिने फोन केला तो भलताच. आमची गाडी विकून टाकली, तुमची नुसतीच उभी असते, ती पाठवून द्या. गाड्या पोचवणारी कंपनी मीच ठरवते, तुम्ही फक्त किल्ली द्या. "आणि मी?" हे अण्णांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मागून घ्यायची सवय नव्हती. बरं म्हणाले. फोन ठेवून त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं, की पोरीने हिशेब चोख केला. चालणारी वस्तू मागवून घेतली, भंगार जागेवर राहू दिलं.

कंपनीच्या माणसाने सूचना दिल्या होत्या. टाकीत पेट्रोल थोडंच ठेवा, आतलं सामान काढून घ्या, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा. अण्णांनी खालच्या बाजूचेही काढले. त्यासाठी गाडीखाली शिरले, आणि शेजाऱ्याने पाय धरून ओढले तेव्हा बाहेर आले.

आता ट्रक सुरू झाला. अण्णा केबिनच्या पायरीवर चढले आणि म्हणाले, नाक्यापर्यंत येतो, वळण अवघड आहे. घराला कुलूप होतंच, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की कुलूप, ही स्टोअरमधली सवय. ड्रायव्हरने लगेच दार उघडलं. नाका आला तेव्हा अण्णांना आठवलं, की पुढे रस्ता खणलाय. खणलेला रस्ता संपला, तर पुढे घाट होता. घाट उतरल्यावर मात्र त्यांना कारण सुचेना. ड्रायव्हरनेही विचारलं नाही. त्याने सीटमागून धुतलेल्या अभ्र्याची दुसरी उशी काढली आणि अण्णांच्या पाठीशी दिली. अण्णांच्या जवळ होतं काय, तर गोळ्यांची डबी आणि गाडी पुसायचं फडकं.

आधी त्यांची नजर बाजूच्या आरशातून हलेना. आरशात गाडीचा एक कोपरा दिसायचा, तेवढ्यावर त्यांचा जीव टांगलेला. रस्त्याकडेच्या हॉटेलात ड्रायव्हरने काकांच्या जेवणात मीठ कमी टाकायला सांगितलं आणि जेवणानंतरच्या गोळीची आठवण करून दिली. कंपनी तर चांगली दिसते, अण्णांनी मनातल्या मनात शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी रंग बदलला. इतक्या उंचावरून अण्णांनी रस्ता कधी पाहिला नव्हता. समोरून येणारे ट्रकवाले हात करायचे, अण्णाही हात करू लागले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की एका म्हशीने रागाने वळून पाहिलं. मग स्टोअरचे किस्से निघाले. सांगताना अण्णा स्वतःच हसत सुटले, चष्मा काढून डोळे पुसले, तेही गाडीच्या फडक्याने. दुपारी ड्रायव्हर म्हणाला, थांबून गाडीवर एक नजर टाकायची का? अण्णा म्हणाले, असू दे रे, तो नदीवरचा पूल बघू दे आधी.

मुलीचं घर जवळ आलं तसं त्यांचं हसू ओसरलं. बोलावणं गाडीला होतं. आपण कुठल्या तोंडाने जायचं? त्यांनी ठरवलं, गाडी तपासून मुलीच्या ताब्यात द्यायची आणि मिळेल त्या बसने परत फिरायचं.

मुलगी फाटकातच उभी होती. अण्णा उतरायच्या आधीच बोलू लागले, की नुसता पोचवायला आलोय, लगेच निघणार, तू आधी डावं दार बघून घे. तिने ऐकलंच नाही. ड्रायव्हरने पुढे केलेल्या कागदावर तिने एका हाताने सही ठोकली. दुसऱ्या हाताने अण्णांचा दंड घट्ट धरला होता.

अण्णांमधला स्टोअरकीपर खवळला. "अगं, माल न बघता सही करतेस?"

"बघितला की." तिने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "थोडे वाळलायत. बाकी कुठे खरचटलेलं दिसत नाही."

अण्णांचं लक्ष तेव्हा फाटकाच्या आत गेलं. जावयाची विकून टाकलेली गाडी अंगणात ऐसपैस उभी होती, बाजूला सायकल लावायलाही जागा नव्हती.

ड्रायव्हरने कागदाची घडी करून खिशात घातली आणि डोकं खाजवलं. "ताई, तुम्ही सांगितलेला माल तर पोचला. आता ही वरची गाडी कुठे ठेवू?"