रडूसम्राटाचा फ्लेक्स

सुमितनं दोरीची शेवटची गाठ आवळली, शिडीवरून उतरला आणि मान वर करून बघितलं. झकास! राजवर्धनच्या गावात, अंथुर्ण्याच्या चौकात, ऐन एसटी थांब्यासमोर, राजवर्धन हात जोडून उभा होता. डोक्याला फेटा, गालांवर सुमितनं कॉम्प्युटरवर काढलेले टपोरे निळे अश्रू. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'कार्टूनप्रेमी, रडूसम्राट मा. राजवर्धनदादा यांना वाढदिवसाच्या ओल्याचिंब शुभेच्छा!' आणि खाली खुद्द दादांचेच शब्द.

वाढदिवसाचा फ्लेक्स दिवस मावळेपर्यंत उतरवायचा नाही, असा या भागातला रिवाज आहे. वैऱ्यानं लावलेला असला तरी कुणी हात लावत नाही, अपशकुन होतो म्हणतात. सुमितचं बारामतीत फ्लेक्सचंच दुकान, त्याला हे माहीत नसेल तर कुणाला? आज दिवसभर दादांनी रडायचं आणि गावानं हसायचं. भोग म्हणावं आता!

भांडण ऑनलाइन पेटलं होतं. 'गीक कट्टा' नावाचा टेलिग्रामवरचा ग्रुप. गेम, अ‍ॅनिमे, नवे फोन, आणि कोण शहाणा यावरून रोजची जुंपाजुंपी. फोनच्या चिपवरून वाद झाला. सुमित चुकला होता, आणि तो तसं कबूलही करणार होता. तेवढ्यात राजवर्धननं लिहिलं, "तुमची मजल दुसऱ्याचे वाढदिवस छापण्यापर्यंतच. चिपचं आमच्यावर सोडा." 'तुमची' म्हणजे एकट्या सुमितची नव्हे, त्याच्या जातीची, हे कट्ट्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वर सुमितच्या फोटोचं स्टिकर काढलं. तोंड वासलेला सुमित, खाली ओळ, 'दादा, अजून गोरं करू का?' ते स्टिकर पार इंदापूरपर्यंत गेलं. गिऱ्हाइकं तेच पाठवून ऑर्डर द्यायला लागली. सख्ख्या बहिणीनं, ज्योत्स्नानं, चुकून घरच्या ग्रुपवर टाकलं. सुमितनं कट्ट्यावर हसरा चेहरा टाकला आणि आतल्या आत जळत राहिला.

मग त्यानं राजवर्धनचं जुनं लिखाण उकरायला घेतलं. आणि घबाड हाती लागलं. एका जपानी मालिकेत अनाथ पोराला एक रोबोट-बाई वाढवते आणि शेवटी बंद पडते. त्यावर दादांनी लिहिलं होतं, 'हा भाग बघून ढसाढसा रडलो. आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडलो.' हेच शब्द आता फ्लेक्सवर होते. आप्पा म्हणजे त्याचे वडील आप्पासाहेब. ते आले की चौकातली माणसं विडी विझवायची. त्यांच्यासमोर पोराची अब्रू जावी, एवढंच सुमितला हवं होतं. तेवढ्यासाठी तो पहाटेपासून इथं उभा होता.

चौक भरला. एकजण वाचायचा, दहा हसायचे. "आरं, कार्टून बघून रडतंय बेनं!" फोटो निघाले, कट्ट्यावर पोचले. सुमितच्या जिवाला बरं वाटलं.

आप्पासाहेब मोटारसायकलवरून आले, तसा हशा थांबला. त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि फ्लेक्स वाचला. मग पुन्हा वाचला.

"ह्यातलं कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

सुमितनंच सांगितलं. "रोबोट, आप्पा. त्या पोराला वाढवणारी. आईच म्हणा."

आप्पासाहेब पारावर बसले. "ह्याची आई गेली तवा ह्यो कोरडा ठणठणीत हुता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मातीला आल्याल्या समद्या गावादेखत म्या त्याला दगड म्हणलं. तवापास्नं एका घरात ऱ्हातो, पर बोलत न्हाय आमी."

एवढ्यात राजवर्धन धापा टाकत आला. कट्ट्यावरचा फोटो बघून निघालेला, तोंड लालबुंद. बापाकडं न बघता त्यानं थेट दोरीला हात घातला. आप्पासाहेबांनी उठून त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. वाढदिस हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूच लावाय सांगितलास व्हय रं? मला तोंडानं सांगवना म्हणून?"

बापानं धरलेला हात राजवर्धननं सोडवून घेतला नाही. त्यानं सुमितकडं बघितलं. कट्ट्यावरचा तोरा कुठल्या कुठं गेला होता. बघणं सरळसरळ भीक मागणारं होतं.

सुमितला हाच क्षण हवा होता. 'न्हाय आप्पा, तुमच्या पोराचं हसं करायला मीच लावला,' एवढं म्हटलं की खेळ खलास. बाप पुन्हा अबोला धरणार आणि पोरगं जन्माचं उघडं पडणार. राजवर्धनला माफ करायचं सुमितच्या मनात अजूनही नव्हतं. ते स्टिकर त्याला अजूनही टोचत होतं, ते 'तुमची' तर त्याहून जास्त. शब्द अगदी ओठांवर आले. पण म्हातारा त्याच्याच तोंडाकडं बघत होता, लहान पोरासारखा आशेनं.

"व्हय आप्पा," सुमित म्हणाला. "ह्यानंच सांगितलं. म्हणला, अक्षरं मोठी काढ, आप्पांना चष्म्याबिगर वाचता आली पायजेत."