नाही फुंकणार!

भर दुपारी निवृत्त मास्तरांची गाडी दुभाजकाला घासत जाऊन थांबली. हवालदाराने धावत येऊन दारू तपासायचं यंत्र त्यांच्या तोंडासमोर धरलं.

“फुंका, आजोबा.”

“नाही फुंकणार.”

“नकार दिलात तरी प्यायल्याचीच शिक्षा आहे. वर्षभर लायसन्स जाईल.”

“जाऊ द्या.”

त्यांना न्यायला चौकीत आलेली मुलगी रडकुंडीला आली. “बाबा, उभ्या जन्मात तुम्ही थेंब घेतला नाहीत. एकदा फुंकलं असतं तर काय बिघडलं असतं?”

मास्तरांनी आधी हवालदार लांब असल्याची खात्री केली.


“अगं, शून्य आलं असतं, मग त्यांनी माझे डोळे तपासले असते! असं गेलेलं लायसन्स वर्षाने परत मिळतं, डोळ्यांपायी गेलं असतं तर कायमचं गेलं असतं.”