काकांसाठी रहस्यकथा

“आमच्या ह्यांना वाचून दाखवेन म्हणते. रहस्यकथांचं वेड होतं पूर्वी,” दळवीकाकू म्हणाल्या. पक्षाघातानंतर वर्षभर काकांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

ग्रंथपाल हेमलतानं बरीच चाळाचाळ करून एक कादंबरी दिली. “हिच्यातला खुनी सहसा ओळखू येत नाही.”

पंधरवड्यानं काकू पुस्तक छातीशी धरून आल्या. “वाचताना पाणी प्यायला थांबले, तर हे म्हणाले, ‘डॉक्टर.’ मी घाबरून फोन उचलला. तर मान हलवून म्हणाले, ‘खून... डॉक्टरनं.’”

हेमलतानं हातातला शिक्का खाली ठेवला. “पण काकू, डॉक्टर तर निर्दोष निघतो.”

“हो ना. शेवट ऐकून चिडलेच. म्हणाले, ‘दुसरं आण.’”

हेमलता कपाटापाशी गेली. रोज हाताळलेलीच पुस्तकं ती, पण त्यांतल्याच एकानं काकांना बोलतं केल्यावर आज त्यांना हात लावायचा तिला धीर होईना.