पुढचा ब्रेक

"डिस्क ब्रेक कायले पाह्यजे?" सहदेवरावांनी हँडलच्या उजव्या लिव्हरला टिचकी मारली. "पुढचा ब्रेक दाबाचाच नसते, तर भारीचा घेऊन करतं काय?"

"डिस्कचीच घेऊ," नितेश म्हणाला. "त्याले तार नसते."

पोराला इतकं ठाम बोलताना सहदेवरावांनी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी लिव्हरवरचा हात काढला.

नितेशच्या बहिणीची, दामिनीची, ही पहिली गाडी. भातकुलीकडच्या तीन गावांची ग्रामसेवक म्हणून तिची नेमणूक झाली होती, आणि स्कूटरची बुटकी चाकं शेतातून जाणाऱ्या पांदणीच्या चिखलात रुततात म्हणून मोटारसायकलच घ्यायचं ठरलं होतं. अमरावतीच्या शोरूममध्ये तिचा जीव जडला तो रेड्याएवढ्या एका लाल गाडीवर. नितेशनं भावाच्या हक्कानं तिला वर बसवलं, तिच्या टाचा अधांतरी पाहिल्या आणि उतरवलं. अशा चार गाड्या झाल्या. पाचवीवर तिचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. "हे तुयी गाडी," तो म्हणाला.

एरवी गाडी म्हटलं की सहदेवरावांचा शब्द शेवटचा. दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावात अर्ध्या पोरांना पांदणीत गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या शिकलेल्यांनी. त्यामुळे साऱ्या गावाचा धडा एकच: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. ओल्या काळ्या मातीत तो दाबला की माणूस तोंडावर आपटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिकाऊ पोराचा हात चुकून जाऊ नये म्हणून सहदेवराव त्या ब्रेकची तारच ढिली करून ठेवत. नितेशच्या गाडीचीही केली होती. पुन्हा आवळायची असते, हे कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

शोरूमच्या मागच्या आवारात मोईज नावाचा मेकॅनिक नव्या गिऱ्हाइकांना घटकाभर गाडी शिकवायचा. क्लच-गिअर दामिनी मैत्रिणीच्या गाडीवर शिकली होती. नितेशच्या तीन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर घरात तिला शिकवायला कोणी धजलं नव्हतं. मोईजनं डांबरावर चुन्याची रेघ मारली.

"ताई, पहिले फक्त मागचा दाबा. रेघेपाशी."

दामिनीनं रेघेपाशी पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी रेघ ओलांडून, मागचं चाक फरफटवत, पार भिंतीजवळच्या जुन्या टायरांपाशी जाऊन थांबली.

"आता दोन्ही. हँडल सरळ ठेवा. पुढचा हळूहळू दाबत आणा, एकदम नाही."

"अरे, पडन ना ते!" सहदेवराव पुढं धावले.

"चिखलात पडन, काका. गिट्टीवर पडन," मोईज म्हणाला. "पण डांबरावर पुढचाच वाचवते. थांबताना सारा जोर पुढच्या चाकावर येते. एकट्या मागच्यावर भरोसा ठेवला, तर गाडी घसरत जाते. समोर जे असन त्याच्यात."

नितेशच्या समोर होती कापसाची ट्रॉली, भर दुपारी वळणावर उभी. पाय तीन ठिकाणी मोडला, आत सळई घालावी लागली, एक पाय दोन बोटं आखूड झाला आणि पोलीस भरतीचा नाद सुटला. दवाखान्यात पोरगं सांगत होतं, ब्रेक दाबला होता, पुरा दाबला होता. सहदेवराव मात्र भेटायला येईल त्याला सांगत सुटले, "हाणली असन जोरात. आजकालचे पोट्टे ऐकतात काय कोनाचं?" बापच म्हणतो म्हटल्यावर गावानंही ते खरं धरलं. पोरगा वाह्यात आहे, एवढ्यावरून दोन ठिकाणी जुळत आलेली सोयरीक मोडली.

दामिनी फिरून आली. तिनं रेघेपाशीच दोन्ही ब्रेक दाबले. गाडीचं तोंड जरासं खाली बसलं आणि गाडी थांबली. रेघ जेमतेम चार हात मागं राहिली होती, टायर अजून लांब होते.

"थांबली!" ती ओरडली. "बाबा, पाह्यलं काय? थांबली!"

सहदेवरावांनी पाहिलं होतं. ते गाडीपासून टायरांपर्यंतची मोकळी जागा पाहत होते. तेवढीच जागा त्यांच्या पोराला हवी होती. उभ्या उभ्या त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते वळले. नितेश खांबाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"गाडी दुरुस्तीले गेली तवापासून. मिस्त्रीनं तार दाखवली होती. ढिलीच होती."

"मंग बोलला काहून नाई रे?" सहदेवरावांचा आवाज फाटला. "मी साऱ्या गावाले सांगत फिरलो, तू हाणली म्हणून. तुया समोर सांगतलं. तू एका शब्दानं बोलला नाई."

तिकडे दामिनी तिसऱ्या फेरीला निघाली होती. तिनं हेल्मेटचा पट्टा नीट लावला आहे की नाही, ते नितेशनं लांबूनच मान वाकडी करून पाहिलं.

"माहा पाय तं गेलाच होता, बाबा," तो म्हणाला. "तुमची झोप कायले घालवाची?"