मेंढरं विकल्यावर

अनुसया उंबऱ्याबाहेरच थांबली. "आधी हातपाय धुऊ दे. मग लेकराला हात लावते."

"किती गं धुशील?" नर्मदा म्हणाली. "कातडं निघंल."

सख्ख्या बहिणी त्या. अनुसया मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारी. नर्मदा कुरुंद्यात हळदीच्या रानावर सुखी, फक्त कूस उजवली नव्हती. अनुसयाच्या देवलाला दमा. छाती वाजली की माय त्याला घोंगडीत आणखी घट्ट गुंडाळायची. धनगराघरी औषध तेच. मग हिंगोलीच्या डागदरानं सांगितलं, बाई, हा दमाच लोकरीचा आहे, पोर लांब ठेवा.

तेव्हापासून देवला मावशीकडं होता. ठणठणीत होता. माय भेटायला आली, की तेवढा दम लागायचा.

आज ती न्यायला आली होती.

"मेंढरं इकली," अनुसया म्हणाली. "घोंगड्या बी. हे लुगडं कोरं हाय."

नर्मदाचा हात परातीत थबकला. "आन् दाजी काय करून राहिले?"

"लोकाच्या औतामागं चालून राहिले. बैलालाच 'हुर्र' करतेत, मेंढरावानी."

दोघी हसल्या. "जेवून घे," नर्मदा म्हणाली, "मग ने."

जेवणानंतर देवला मायला चिकटून लवंडला. मावशीनं त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. घटकाभरात छाती शिट्टी घालू लागली.

अनुसयानं त्याला अंगणात मोकळ्या हवेत नेलं. ताठ बसवून जरा पुढं वाकवलं, बंडीचे बंद सोडले, कोमट पाण्याचे घोट पाजले. "हळू, माज्या राजा. फुंकर घातल्यावानी सोड." डागदरानं शिकवलेलं काही चुकलं नाही. ऊन कलताना श्वास ताळ्यावर आला आणि पोर झोपी गेलं.

"आता तर एक मेंढरू न्हाई गं," ती म्हणाली.

"तुझ्या अंगातच मुरलं आसंल, बाई," नर्मदा खाली बघत म्हणाली.

अनुसया मुका घ्यायला वाकली आणि तशीच मागं सरली. रझाकारांचा धाक होता, उजेडात घर गाठायचं होतं.

"त्याला म्हणावं, माय लांब गेली. म्या आता येत न्हाई. त्यातच त्याचं बरं हाय."

ती वळणाआड झाली. नर्मदा डोळ्यांना पदर लावून बराच वेळ दारात बसली. मग आत येऊन तिनं उशी उसवली आणि मूठभर लोकर बाहेर काढली. दरवेळी ती जपून ठेवायची. आज परसात पुरली. आता लागणार नव्हती.